आप्पांना सांगायचं की नाही?

पत्राचा सारांश : अमळनेर तालुक्यातले 34 वर्षांचे एक वाचक लिहितात. वडील, म्हणजे आप्पा, 63 वर्षांचे, कपाशी आणि ज्वारीची शेती. हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, तेव्हा ग्लोब्युलिन 4.5 निघालं आणि तिथून तपासण्यांची रांग लागली. एम प्रोटीन 1.8 ग्रॅम, प्रकार आयजीजी कप्पा, फ्री लाइट चेनचं गुणोत्तर 2.4, बोन मॅरोमध्ये (हाडांतल्या मगजात) प्लाझ्मा पेशी 6 टक्के. हिमोग्लोबिन 13.1, क्रिएटिनिन 1.0, कॅल्शियम 9.4, सीटी स्कॅनमध्ये हाडं चांगली. नाशिकच्या रक्तविकारतज्ज्ञांनी कागदावर ‘एमगस’ (कॅन्सर नसलेली, पण लक्ष ठेवावी लागणारी रक्ताची अवस्था) लिहिलं आणि सांगितलं, ‘औषध नाही, सहा महिन्यांनी या.’ काका म्हणतात, कॅन्सर आहे आणि डॉक्टर वेळ घालवतोय. एक एकर विका, मुंबईला न्या, केमो सुरू करा. एका ओळखीच्या वैद्यांनी भस्माचा कोर्स सुचवलाय. आईनं डाळ बंद केली आहे, वावरात जाणं बंद केलं आहे, ऑपरेशन पुढे ढकललं आहे. आप्पांना फक्त ‘रक्तात थोडं इन्फेक्शन आहे’ एवढंच सांगितलंय. वाचकाचा प्रश्न : जमीन विकावी का, आणि आप्पांना खरं कधी सांगावं?

—

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण पत्रात खरा गुंता तिसऱ्याच ठिकाणी आहे. तुम्ही सगळे एका अशा आजाराशी लढताय जो आप्पांना आज झालेला नाही. आणि या लढाईत ज्याच्या हाती पहारा द्यायला हवा, त्यालाच तुम्ही घराबाहेर ठेवलंय.

आधी रिपोर्ट नीट वाचू. प्लाझ्मा पेशी सगळ्यांच्याच बोन मॅरोत असतात. जंतूंशी लढणारी अँटिबॉडी तयार करणं हे त्यांचं काम. लाखो पेशी, लाखो प्रकारच्या अँटिबॉडी. रक्तातली प्रोटीन वेगवेगळी करून दाखवणारी तपासणी म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिस; तुमच्याकडच्या तिच्या कागदावरचा आलेख समोर धरा. डावीकडे जो उंच सुळका आहे तो अल्ब्युमिन, तो सगळ्यांचा उंचच असतो. उजव्या टोकाला गॅमाचा भाग. तिथे एरवी बैलाच्या वशिंडासारखा पसरट उंचवटा दिसतो. आप्पांच्या आलेखात तिथे देवळाच्या कळसासारखं अरुंद टोक असेल. एकाच पेशीची पिल्लावळ वाढली आणि ती सगळी एकाच साच्यातली अँटिबॉडी काढत बसली की हे टोक येतं. हेच ते एम प्रोटीन. आयजीजी कप्पा हा त्या साच्याचा प्रकार. फ्री लाइट चेन म्हणजे अँटिबॉडीचे रक्तात फिरणारे सुटे तुकडे. त्यांचे कप्पा आणि लॅम्डा असे दोन प्रकार, आणि गुणोत्तर म्हणजे कप्पाचं लॅम्डाशी प्रमाण.

आता हे कधी काय म्हणवतं ते पाहा. एम प्रोटीन 3 ग्रॅमपेक्षा कमी, बोन मॅरोत प्लाझ्मा पेशी 10 टक्क्यांपेक्षा कमी आणि शरीराला इजा नाही, तर एमगस. यातली एक जरी मर्यादा ओलांडली, म्हणजे एम प्रोटीन 3 किंवा अधिक किंवा पेशी 10 ते 60 टक्के, पण इजा अजून नाही, तर स्मोल्डरिंग मायलोमा, म्हणजे राखेखालचा निखारा. आणि या पेशींमुळे कॅल्शियम चढलं, किडनी बिघडली, रक्त उतरलं किंवा हाडांना भोकं पडली, तर तो मल्टिपल मायलोमा, तो कॅन्सर. 2014 पासून आणखी तीन खुणा धरतात : पेशी 60 टक्के किंवा जास्त, लाइट चेनचं गुणोत्तर 100 किंवा वर, एमआरआयमध्ये एकापेक्षा जास्त ठिकाणी गाठी. यातली एकही असेल तर इजा दिसायची वाट पाहत नाहीत, उपचार सुरू करतात. आप्पांचे आकडे या सगळ्या उंबरठ्यांच्या बरेच आत आहेत.

तुमच्या काकांचं गणित कुठे चुकतं ते सांगतो, कारण ते खोटं बोलत नाहीत, उलटं वाचतात. जवळजवळ प्रत्येक मायलोमाच्या आधी एमगस असतो, हे खरं आहे. म्हणून प्रत्येक एमगसचा मायलोमा होतो, हे खरं नाही. पन्नाशीपुढच्या शंभर जणांत साधारण तिघांच्या रक्तात एमगस सापडतो. बहुतेकांना तो आयुष्यभर कळतही नाही. ज्यांना आहे, त्यांच्यातल्या शंभरांमागे वर्षाला सुमारे एकाचं गाडं पुढे सरकतं. स्मोल्डरिंगचं वेगळं : तिथे पहिली पाच वर्षं दरवर्षी शंभरात दहा. दोघांना एकच समजू नका.

आप्पांचं गणित याहून बारीक करता येतं. 2005 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या अभ्यासातून तीन प्रश्न पुढे आले, ते आजही वापरतात. एम प्रोटीन 1.5 किंवा जास्त आहे का? आप्पांचं आहे. प्रकार आयजीजी सोडून दुसरा आहे का? नाही. लाइट चेनचं गुणोत्तर 0.26 ते 1.65 च्या बाहेर आहे का? आहे. म्हणजे तीनपैकी दोन. अशा लोकांत 20 वर्षांत शंभरातल्या 37 जणांचा आजार पुढे जातो असा हिशेब निघाला. मात्र त्या 20 वर्षांत माणसाला हृदय, मेंदू, म्हातारपण हेही गाठतं. ते धरलं तर आकडा 18 वर येतो. तुमच्या डॉक्टरांनी बोन मॅरो आणि सीटी स्कॅन करायला लावलं ते याच ‘तीनपैकी दोन’मुळे. तिन्हीचं उत्तर ‘नाही’ असतं तर कदाचित सुईही टोचली नसती. तेव्हा डॉक्टर वेळ घालवतोय हे मला पटत नाही. त्यांनी नेमकं लागतं तेवढं केलंय.

मग औषध का नाही? ‘लवकर सापडलं म्हणजे लवकर मारलं पाहिजे’ ही समजूत बहुतेक कॅन्सरांच्या जाहिरातींनी आपल्या मनात घट्ट बसवली आहे. एमगसमध्ये ती लागू पडत नाही. मायलोमाची औषधं जंतुसंसर्ग वाढवतात, काही हातापायांच्या नसा बधिर करतात, काहींनी रक्ताच्या गुठळ्या होतात. शंभरातल्या एकासाठी नव्व्याण्णवांना हे द्यायचं, आणि त्यानं आयुष्य वाढतं असं एमगसमध्ये कुणी दाखवलेलंही नाही. स्मोल्डरिंगच्या जास्त धोक्याच्या गटात मात्र हवा बदलते आहे. 2024 साली ‘अक्विला’ नावाच्या चाचणीचे निकाल आले. त्यात 390 रुग्ण होते. निम्म्यांना डॅराटुमुमॅबचं इंजेक्शन तीन वर्षांपर्यंत, बाकीच्यांवर नुसतं लक्ष. पाच वर्षांनी आजार पुढे न जाता जिवंत असलेले 63 टक्के विरुद्ध 41 टक्के. हे सांगतोय ते अशासाठी, की असंच पत्र लिहू पाहणाऱ्या एखाद्याच्या कागदावर ‘स्मोल्डरिंग, हाय रिस्क’ असेल तर त्यांनी तज्ज्ञांना या औषधाबद्दल जरूर विचारावं. तुम्ही नाही.

आता आप्पांना सांगण्याबद्दल. तुम्ही लिहिलंय, ‘ते हाय खातील.’ असेल. पण ते तुम्ही ठरवलंत, त्यांना विचारून नाही. गेली चाळीस वर्षं ज्यानं बोंडअळी, गारपीट आणि कापसाचा भाव सोसला, त्याला एक शब्द सोसणार नाही असं आपण किती सहज धरतो.

शिवाय हा मानापमानाचा मुद्दा बाजूला ठेवला तरी न सांगण्यात सरळ धोका आहे. तुमच्याच पत्रात एक ओळ आहे : ‘कंबर धरली की गावातले डॉक्टर सुई देतात, मग बरं वाटतं.’ ती सुई बहुतेक डायक्लोफेनॅकची असते. आप्पांच्या लाइट चेन आज इतक्या थोड्या आहेत की त्या सुईनं उद्याच किडनी जाईल असं नाही. पण पुढे कधी त्या वाढल्या, तर लाइट चेन किडनीच्या बारीक नळ्यांत साकळतात, आणि त्यात मे महिन्याचं 44-45 अंशांचं ऊन, घामानं सुकलेलं अंग आणि वर डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आलं की किडनी दिवसांत बसते. दुसरं, कंबरदुखी हीच मायलोमाची सर्वांत नेहमीची पहिली खूण. दर वेळी सुईनं ती दाबली तर खूणच पुसली जाते. गावातल्या डॉक्टरांना एमगस माहीत नाही, कारण आप्पांनी सांगितलं नाही. आप्पांनी सांगितलं नाही, कारण त्यांना माहीत नाही. दुखलं तर पॅरासिटामॉल, आणि दुखणं चार आठवड्यांपुढे गेलं तर सुई नको, नाशिकला फोन.

सांगायचं कसं? माझ्या मते तुमच्या आप्पांना हे समजावणं एखाद्या बँकेच्या साहेबाला समजावण्यापेक्षा सोपं आहे. कपाशीत बोंडअळीचे पतंग पकडायला कामगंध सापळे लावतात ना? सापळ्यात एक पतंग दिसला म्हणून कुणी शहाणा शेतकरी पंप पाठीवर घेत नाही. एका सापळ्यात रोज 8 पतंग, तेही सलग तीन रात्री, तेव्हा फवारणी. त्याआधी फवारलं तर पैसा जातो, मित्रकीटक मरतात आणि अळी औषधाला सरावते. आप्पांची रक्ततपासणी म्हणजे तो सापळा. इथली ‘आठ पतंगां’ची पातळीही ठरलेली आहे : एम प्रोटीन आधीपेक्षा 25 टक्क्यांनी आणि निदान अर्ध्या ग्रॅमनं वाढलं, आणि पुन्हा तपासल्यावरही तेच आलं, तर ती खरी वाढ. 1.8 चं 1.9 किंवा 2.0 झालं तर ती वाऱ्यानं आलेली पाकोळी. मुलानं अहिराणीत एवढंच म्हणावं : ‘आप्पा, हाऊ कॅन्सर नही शे. पन सहा महिनाले रगत तपासाले जानं पडी.’ मग गप्प बसावं. प्रश्न विचारतील ते विचारू द्यावेत. ‘माले काय व्हयनं?’ असं विचारतील तेव्हा ‘काही नाही’ म्हणू नका. ‘इन्फेक्शन’ तर अजिबात नको, कारण त्यावर ते गावातून अँटिबायोटिक आणतील.

आणि त्यांच्याकडे काय सोपवायचं? या खुणा, त्यांच्या शब्दांत. हालचाल केली की वाढणारं, आठवडेच्या आठवडे न ओसरणारं पाठीचं किंवा बरगडीचं दुखणं. नेहमीच्या पायवाटेवर दम लागणं. तहान फार, लघवी फार, पोट साफ नाही आणि डोकं सुन्न, हे सगळं एकत्र आलं तर कॅल्शियम चढलेलं असू शकतं. लघवीला साबणासारखा टिकणारा फेस, पायांना सूज. तळवे बधिर होणं, जीभ जाड वाटणं, डोळ्यांभोवती मार न लागता काळंनिळं पडणं. ही शेवटची तीन अमायलॉइडोसिस नावाच्या वेगळ्याच भानगडीची असतात. ती दुर्मीळ, पण तिच्यात आकडे न वाढताही हृदय आणि किडनी खराब होतात, म्हणून सांगून ठेवतो. यातलं एकही रिपोर्टच्या कागदाला दिसत नाही. ते आप्पांनाच दिसणार आहे.

ताटाबद्दल. ‘रक्तात प्रोटीन वाढलं’ हे ऐकून आईनं डाळ बंद केली, हे मी समजू शकतो, पण ते प्रोटीन डाळीतून आलेलं नाही. ते आप्पांच्या स्वतःच्या पेशींनी तयार केलेली अँटिबॉडी आहे; डाळ बंद करून ती रतीभरही घटणार नाही. घटेल ती आप्पांच्या अंगातली ताकद. कळण्याची भाकरी, उडीद, भरीत, ताक, सगळं चालू करा. दूधही. मायलोमात कॅल्शियम चढतं ते हाडं झिजून, दुधातून नाही. एमगसमध्ये हाडं ठिसूळ होण्याचा धोका थोडा जास्तच असतो, त्यामुळे ड जीवनसत्त्व तपासून घ्या, आणि तज्ज्ञांना हाडांच्या घनतेची तपासणी हवी का विचारा. दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी.

वैद्यांच्या भस्माला मात्र नम्रपणे नाही म्हणा. काही भस्मांत शिसं, पारा, आर्सेनिक सापडलेलं आहे आणि ते किडनीत जाऊन बसतं. ज्या आजारात सगळी राखण किडनीसाठी चालली आहे, तिथे हे परवडणारं नाही. आणि सहा महिन्यांनी क्रिएटिनिन चढलं तर दोष एमगसचा की भस्माचा, हे कुणालाच सांगता येणार नाही.

वावरात जाणं बंद करायचं काहीच कारण नाही. चालतं-फिरतं अंग हाडांना बरं. फक्त फवारणी. 2009 साली अमेरिकेतल्या कीटकनाशक फवारणाऱ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यात एमगस इतरांच्या जवळजवळ दुप्पट आढळला. यावरून आप्पांचा एमगस फवारणीतूनच आला असं म्हणता येत नाही, आणि आता फवारणी थांबवली म्हणून तो जाईल असंही नाही. पण आपल्याकडे अनवाणी पायांनी, वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून, उघड्या हातानं औषध कालवण्याची जी रीत आहे ती मोडायला याहून चांगलं निमित्त कुठलं? पंप आप्पांच्या पाठीवरून उतरवा, आणि ज्याच्या पाठीवर जाईल, त्यालाही हातमोजे, गमबूट, मास्क द्या. तो बहुतेक तुम्हीच असाल.

जमीन विकण्याचा प्रश्न खरं तर इथेच मिटतो. विकून ज्यावर खर्च करायचा, तो उपचारच आज नाही. मुंबईचं दुसरं मत घ्यायचं तर जरूर घ्या, घरातल्यांचं समाधान हीही किंमत असलेली गोष्ट आहे. पण ‘औषध मिळवायला’ नको, ‘निदान पक्कं करायला’ जा. परळच्या टाटा रुग्णालयात जाणार असाल तर नुसते छापील रिपोर्ट पुरत नाहीत. बोन मॅरोच्या स्लाइड आणि ब्लॉक लॅबकडून मागून घ्या, सीटी स्कॅनची सीडी घ्या, इलेक्ट्रोफोरेसिसचा आलेख असलेलं पान घ्या. पुष्कळ लॅब आकडा देतात आणि आलेख छापायचा राहतो. जळगावहून रात्रीच्या गाडीनं दादरला उतरलात की पुढे टॅक्सीनं थोडंच अंतर. एक खेप पुरेल.

इथून पुढच्या तपासण्यांत सर्वांत जास्त घोळ होतो तो आजारानं नाही, एककांनी. 1.8 ग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजेच 18 ग्रॅम प्रति लिटर. दुसऱ्या लॅबनं 18 छापलं की घरात रडारड. लाइट चेनचंही तसंच : आज कप्पा 31.2 मिलिग्रॅम प्रति लिटर असेल तर दुसरीकडे तीच 3.12 प्रति डेसिलिटर दिसते, आणि ‘दहापट उतरली, भस्म लागू पडलं’ असं कुणीतरी म्हणतं. त्यात लाइट चेन मोजायचे संचही एकापेक्षा जास्त आहेत आणि त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून लॅब एकच ठेवा, दर वेळी तीच. शंभर पानी वही घ्या, एका पानावर सहा रकाने आखा : तारीख, एम प्रोटीन, कप्पा-लॅम्डा आणि गुणोत्तर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, कॅल्शियम. एककं रकान्याच्या डोक्यावर लिहा. पहिली ओळ आजचीच. आप्पांना लिहिता येत असेल तर वही त्यांच्या हाती द्या.

पहिली फेरतपासणी सहा महिन्यांनी, मग आकडे स्थिर असतील तर वर्षातून एकदा. दर वर्षी फ्लूची लस, आणि न्यूमोनियाची लस कोणती व कधी हे डॉक्टरांना विचारून; एमगसमध्ये जंतुसंसर्ग सामान्यांपेक्षा जास्त होतात. तुमची आणि बहिणीची तपासणी? सख्ख्या नात्यात धोका दोन-तीन पट असतो, पण मुळात तो इतका लहान आहे की लक्षणं नसताना भावंडांनी रांगेत उभं राहायची गरज नाही.

हर्नियाचं ऑपरेशन करून घ्या. एमगस त्याच्या आड येत नाही. अडकलेला हर्निया मात्र एका रात्रीत जिवावर बेततो. सर्जन आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना फाइल दाखवा आणि ऑपरेशननंतरच्या वेदनेला डायक्लोफेनॅक टाळता येईल का, हे आधीच विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या. सहा महिन्यांची तारीख कापसाच्या वेचणीत येत असेल तर आठवडा-पंधरवडा मागेपुढे केलं तरी चालेल. त्या दिवसांत ताप किंवा खोकला असेल तर मात्र तो उतरल्यावर दोन-तीन आठवडे जाऊ द्या, मगच रक्त द्या. साध्या संसर्गानंही लाइट चेन काही काळ वर जातात.